जाऊबाईंनी फोडलेली भिंत

माझी थोरली जाऊ मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलले, तर ते नात्याखातर बोलले असं कोणाला वाटायला नको.

लग्न होऊन मी या घरात आले, त्या दिवशी जाऊबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कांदा चिरता येतो?"

"येतो," मी म्हटलं.

"हातांकडे बघून वाटत नाही."

एवढं बोलून त्या आत गेल्या. माझं शिवणकामाचं दुकान होतं, बोटांना सुईचे घट्टे होते, पण त्यांच्या लेखी जे चुलीवर होतं तेवढंच काम. बाकी सगळी जनता रिकामटेकडी. त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की समोरचा माणूस आपण कशासाठी आलो होतो तेच विसरायचा. गावात त्यांना सगळे 'चटका' म्हणायचे. अर्थात पाठीमागे. समोर म्हणायची कोणाची टाप नव्हती.

गावच्या तळ्याच्या वरच्या अंगाला, वीटभट्ट्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. तीत लाकडी बाकं आणि एका टोकाला चुली. मध्ये भिंत नाही, पडदा नाही, काही नाही. जाऊबाई चुलीपाशी उभ्या राहायच्या आणि अख्खं हॉटेल त्यांच्या डोळ्यांसमोर असायचं. भट्टीवरची माणसं दुपारी अंगावर लाल धूळ घेऊन यायची. रस्सा, पाव, तळ्यातली भाजलेली मासळी, एवढंच मिळायचं. पण कोण कसा जेवतोय यावर बाईंची नजर. एखाद्याने पाव नुसता कुस्करला की तिथून आवाज यायचा, "काय रे, तोंड का वाकडं? मीठ कमी पडलंय की बायको माहेरी गेलीय?" तो माणूस लाजायचा, आजूबाजूचे हसायचे, आणि गडी मुकाट्याने जेवायला लागायचा. कोणाच्या ताटात दुसऱ्यांदा रस्सा ओतायचा आणि कोणाला उठायच्या आत चहा द्यायचा, हे त्या विचारून करत नसत, बघून करत. त्यात माया किती होती मला माहीत नाही. मला तरी ती कधी दिसली नाही. जरब मात्र होती.

मोठे दीर, म्हणजे त्यांचा नवरा, ट्रक चालवायचे. भट्टीच्या विटा लांब लांब पोचवायचे. त्यांच्या डाव्या कानाला ऐकू येत नसे, आणि घरात भांडण सुरू झालं की उजव्यालाही येत नसे. त्यामुळेच त्यांचा संसार टिकला, असं माझं मत आहे.

माझ्या नवऱ्यावर जाऊबाईंचा राग का, हे मला लग्नानंतर बऱ्याच उशिरा कळलं. तो शिकायला शहरात होता. आर्किटेक्ट व्हायचं होतं. सुट्टीत तो कॉलेजचे मित्र घेऊन तळ्यावर आला. हॉटेलात जेवायला बसले. एका मित्राने विचारलं, "हे हॉटेल तुझ्या ओळखीचं आहे का?" तर हा म्हणाला, "नाही, असंच, रस्त्यावर आहे म्हणून." ज्या हॉटेलच्या रश्श्यावर तो लहानाचा मोठा झाला, त्या हॉटेलात, जाऊबाई हातभर अंतरावर उभ्या असताना. त्या पुढे आल्या, पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, "काय आणू, साहेब?"

त्या दिवसापासून त्यांनी त्याला भाऊजी म्हणणं सोडलं. साहेबच. घरातही साहेब, माझ्या लग्नातही साहेब. "साहेबांना वाढा." "साहेब आलेत, खुर्ची पुसा." नवरा माझा दातओठ खायचा. एकदा त्याने माफी मागायचा प्रयत्न केला म्हणतात. जाऊबाई म्हणाल्या, "कसली माफी? तुमची-आमची ओळख कुठे आहे?"

पुढे भट्ट्या बंद पडल्या. मातीसाठी खणलेल्या खड्ड्यांत पाणी साचलं, काठाने बोरूचं उंच गवत माजलं. लाल धूळ बसली तशी तळ्यावर सुट्टीची माणसं यायला लागली, गाड्या घेऊन, लेकरं घेऊन. जाऊबाईंचं हॉटेल चालूच राहिलं. मग एका वादळात पत्रा उडाला. सगळाच. शेडचं अख्खं छप्पर उचललं गेलं आणि खालच्या खड्ड्यात जाऊन पडलं. माणसं वाचली, कारण ती वेळेवर बाहेर पळाली होती. जाऊबाई मात्र रश्श्याचं पातेलं घेऊन बाहेर आल्या होत्या. पातेलं सांडू दिलं नाही.

जागा दोघा भावांची, सासऱ्यांच्या नावावरून आलेली. माझा नवरा म्हणाला, "मी बांधतो. नीट बांधतो. इथल्याच मातीचं, इथल्याच गवताचं."

"मला पत्रा हवाय," जाऊबाई म्हणाल्या.

"पत्रा पुन्हा उडेल."

"उडाला तर पुन्हा घालू. तुमच्या हातचं नको."

"वहिनी, उन्हाळ्यात त्या डब्यात माणूस शिजतो. तळ्याकाठची जुनी घरं आठवतात? जाड मातीच्या भिंती, वर बोरूचं छप्पर. आत कधी उकडलं का कोणाला?"

"डबा?" जाऊबाईंनी एवढा एकच शब्द पकडला. "डब्यातलं खाल्लंत तेव्हा गोड लागलं ना?"

झालं. दोघांची हमरीतुमरी जुंपली. मी मध्ये पडले तर दोघंही माझ्यावर खेकसले. शेवटी ज्यांच्याकडून कोणालाच अपेक्षा नव्हती ते मोठे दीर बोलले. "बांधू दे त्याला," ते म्हणाले आणि उठून ट्रक धुवायला गेले. जाऊबाई त्यांच्या पाठीकडे बघत राहिल्या. नवऱ्याने आयुष्यात एकदा तोंड उघडलं आणि तेही दिराच्या बाजूने, हे त्यांनी त्यांना कधीच विसरू दिलं नाही.

काम सुरू झालं. इथे मला माझ्या नवऱ्याचं कौतुक केलं पाहिजे, जरी माझ्यावर खेकसल्यापासून त्या वर्षी त्याच्याशी मी धड चार शब्द बोलत नव्हते. वीटभट्टीच्या खड्ड्यांतलीच माती त्याने काढली. तिच्यात वाळू मिसळून, फळ्यांच्या साच्यात थर घालून माणसं ती जड लाकडी धुमसाने ठोकायची. सकाळपासून धप्, धप्, धप्. साचा काढला की हातभर जाडीची भिंत उभी, थरांवर थर दिसणारी, तासलेल्या डोंगरासारखी. पडक्या भट्ट्यांच्या विटा साफ करून त्याने स्वयंपाकघरावर कमानीचं छत घातलं. जेवणघरावर मात्र बोरूचं छप्पर. शाकारणारा माणूस शोधायला त्याला फार वणवण करावी लागली, कारण सगळ्यांनी सिमेंटची घरं बांधली होती आणि बोरू शाकारणं म्हणजे गरिबीचं लक्षण झालं होतं. शेवटी तळ्यापलीकडचा एक म्हातारा मिळाला. तो वासे बघूनच भांडायला लागला, म्हणे उतार कमी आहे, पाणी मुरेल. नवऱ्याने उतार वाढवला. म्हाताऱ्याचं ऐकायचा, वहिनीचं ऐकायचा नाही.

जाऊबाई शेजारी ताडपत्री बांधून रांधत होत्या आणि येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होत्या, "बघा, साहेब चिखल खेळतायत." गवंडी जेवायला आले की त्यांना विचारायच्या, "पावसात हे विरघळलं की आम्ही पोहत यायचं का?" गवंडी हसायचे. माझ्या नवऱ्याला ते हसू डोळ्यांत सलायचं. मी जेवणघरासाठी जाड कापडाची आसनं शिवली होती. ती त्यांनी दोन बोटांत उचलली. "बसायची आहेत की नुसती बघायची?"

खरी ठिणगी पडली ती स्वयंपाकघराच्या भिंतीवरून. चुली आणि जेवणघर यांच्यामध्ये नवऱ्याने ठोकलेल्या मातीची आडभिंत घातली होती. सलग, खालपासून वरपर्यंत. एका टोकाला बाहेरून वळसा घालून जायचं दार.

"यात खिडकी कुठाय?" जाऊबाईंनी विचारलं.

"खिडकी नाही."

"मग मला माणसं कशी दिसणार?"

"माणसं कशाला दिसायला हवीत, वहिनी? तुम्ही रांधा. वाढायला मुली ठेवल्यात."

"मला माणसं बघायचीत."

"वर गवताचं छप्पर आहे. एक ठिणगी उडाली तर सगळं भस्म होईल. आग आणि गवत यांच्यामध्ये भिंत पाहिजे. हा नियम आहे, माझी लहर नाही."

यात त्याचं काही चूक नव्हतं. पण त्याने ते ज्या पद्धतीने सांगितलं, मान वर न करता, हातातल्या नकाशावर बोट फिरवत, ते मलाही खटकलं. आणि पुढचं वाक्य तर त्याने बोलायलाच नको होतं. "शिवाय, जेवायला येणाऱ्यांना स्वयंपाकघर बघायचं नसतं."

"म्हणजे मला बघायचं नसतं," जाऊबाई म्हणाल्या. "बरोबर. तेवढं तर मला ठाऊकच होतं, साहेब."

हॉटेल उघडलं आणि माणसांची रीघ लागली. जेवणघर खरोखर देखणं झालं होतं. बाहेर ऊन रखरखत असताना आत आलं की अंगावरून गार हात फिरल्यासारखं वाटायचं. तळ्याकडची बाजू मोकळी, वळचण खाली उतरलेली, त्यामुळे पाण्याचा कवडसा छपराच्या आतल्या बाजूवर हलत राहायचा. माणसं आत शिरली की आधी वर बघायची. मग भिंतीवर तळवा ठेवायची. मग फोटो. तोवर मासळी गार व्हायची.

एका मासिकात या हॉटेलवर लेख आला. मोठ्या दिरांनी तो सगळ्यांसमोर वाचला, एकसुरात, दुधाचा भाव वाचावा तसा. माती, परंपरा, निसर्ग, आर्किटेक्टची दृष्टी, असं सगळं होतं. शेवटी एक ओळ होती, की जेवण 'एक स्थानिक बाई' बनवतात.

"पुढे?" जाऊबाईंनी विचारलं.

"संपलं," मोठे दीर म्हणाले.

माझ्या नवऱ्याने निदान तेव्हा काही बोलायचं होतं. तो म्हणाला, "मी त्यांना नाव सांगितलं होतं, त्यांनी छापलं नाही." कदाचित सांगितलंही असेल. जाऊबाई उठल्या आणि भांडी आदळायला लागल्या. तेव्हापासून भांड्यांचा आवाज रोज ऐकू यायला लागला. भिंत एवढी जाड, तरी आवाज पलीकडे जायचाच.

त्यांचं काय होत होतं ते मला दिसत होतं, पण मला त्यांची दया येत नव्हती. त्या भिंतीसमोर उभ्या राहून रांधायच्या. मुली येऊन सांगायच्या, चार मासळी, दोन रस्सा. ताटं परत यायची, कधी पुसून, कधी अर्धी भरलेली. अर्धं ताट आलं की त्या मुलीला धारेवर धरायच्या. "कोणाचं हे? का टाकलं? कसा होता माणूस? म्हातारा, जवान? आजारी वाटला?" मुलींना कुठे एवढं आठवणार? एक तर रडून काम सोडून गेली. माझ्या नवऱ्याने दुसरी ठेवली. दुसरीलाही तेच.

भट्टीवर पूर्वी आग सांभाळणारा एक म्हातारा होता. डोळे धुराने लाल झालेले, तोंडात दात नाहीत. भट्टी चालू होती तेव्हापासून तो जाऊबाईंकडेच जेवायचा. त्याच्यासाठी त्या पाव रश्श्यात आधीच भिजवून ठेवायच्या आणि मासळीचे काटे स्वतः काढायच्या, वर त्याला शिव्याही घालायच्या. "दात कुठे विकलेस?" असं विचारायच्या. आजारपणामुळे तो मध्ये बरेच दिवस आला नव्हता. नवं हॉटेल झाल्यावर एका दुपारी काठी टेकत आला. आत गर्दी. त्याला कोपऱ्यात बसवलं. नव्या मुलीने कडक पाव आणि काट्यांची मासळी पुढे ठेवली. म्हाताऱ्याने पावाचा तुकडा थोडा वेळ तोंडात घोळवला. मग तो हळूच काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि कोणाला काही न बोलता निघून गेला. जाऊबाई भिंतीपलीकडे दहा पावलांवर होत्या.

हे त्यांना दुसऱ्या दिवशी समजलं. मोठ्या दिरांना तो रस्त्यात भेटला होता. "जेवलास का?" असं त्यांनी सहज विचारलं, तर तो म्हणाला, "वहिनी आता मोठ्या झाल्या. दिसल्या नाहीत."

जाऊबाईंनी ऐकलं. त्या दिवशी भांड्यांचा आवाज आला नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्यांचं माप घ्यायला हॉटेलात गेले होते. काही कुटुंबं नाश्त्याला बसली होती. अचानक आडभिंतीतून धप्प आवाज आला. सगळ्यांनी तिकडे पाहिलं. पुन्हा आवाज. भिंतीवरून मातीचा पापुद्रा सुटला. दणक्यामागून दणके, आणि शेवटी पहारीचं टोक आरपार बाहेर आलं, परत आत गेलं, पुन्हा आलं. ताटांत माती पडायला लागली. एक बाई किंचाळली. माझ्या केसांत, खांद्यावर, टेपवर सगळीकडे लाल भुगा. भोक मोठं होत गेलं आणि त्यातून जाऊबाईंचा चेहरा दिसला, घामाने निथळणारा, केस विस्कटलेले.

"बसा, बसा," त्या लोकांना म्हणाल्या. "जेवा. मी फक्त बघणार आहे."

माझा नवरा बाहेर गाडी लावत होता. तो धावत आला. "वहिनी! थांबा! वर आढं आहे! त्याच भिंतीवर आढ्याचं टोक टेकलंय!"

"खोटं बोलताय."

"वहिनी, हात जोडतो!"

त्यांनी आणखी एक घाव घातला. मी शपथेवर सांगते, त्यांना समजलं होतं. तरी घातला. भोकाच्या वरची माती एकदम पाचरीसारखी खाली आली आणि एक भेग सरसर वर चढत गेली. छपराने आवाज केला. तो आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही आणि मला ऐकायचाही नाही. जणू मोठं जनावर कण्हलं. आढं हातभर खचलं. वाशांतून बोरूचा कचरा पाऊस पडावा तसा गळायला लागला.

माणसं लेकरं उचलून पळाली. मी त्यांना बाहेर ढकलत होते. मागे वळून पाहिलं तर माझा नवरा एक जेवणाचं टेबल उभं करून आढ्याखाली सारत होता आणि पलीकडून, स्वतःच पाडलेल्या भोकातून अंग घुसवून, जाऊबाई त्या टेबलाला खांदा लावत होत्या.

"बाहेर व्हा!" तो ओरडला.

"तुम्ही व्हा!"

"तुमच्यामुळे झालंय हे!"

"तुमच्या भिंतीमुळे झालंय!"

"माझी भिंत शंभर वर्षं उभी राहिली असती!"

"राहिली असती, आणि मी आत पुरलेली!"

वरून माती पडतेय, टेबलाच्या फळ्या करकरतायत, आणि ही दोघं एकमेकांच्या तोंडावर ओरडतायत. मी हाका मारमारून थकले. दोघांनाही जागा सोडायची नव्हती. मला खात्री आहे, जीव गेला असता तरी आधी कोण हटलं यावर भांडण राहिलं असतं.

तेवढ्यात मोठे दीर आले. त्यांच्या हातात ट्रकचा जॅक होता. स्वयंपाकघरातला मासळी तोडायचा ठोकळा आढ्याखाली ठेवला, त्यावर जॅक, जॅकवर एक जाड वासा, आणि शांतपणे दांडा फिरवायला लागले. आढं बोटबोट करत वर उचललं गेलं. मग त्यांनी बायकोच्या आणि भावाच्या दंडाला धरून दोघांना दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर काढलं.

हॉटेल बंद झालं. आढ्याखाली टेकू लावून ठेवले. नवरा म्हणाला, "सगळं पाडून टाका. मला या जागेचं तोंड बघायचं नाही." जाऊबाईंनी पुन्हा शेजारी ताडपत्री बांधली. माफीचा शब्द नाही. मी एकदा न राहवून म्हटलं, "जाऊबाई, माणसं मेली असती." त्या म्हणाल्या, "मेली का?" मी तोंड फिरवलं ते किती तरी दिवस.

मग उन्हाळा आला, आणि तो त्या वर्षी भलताच कडक होता. ताडपत्रीखाली उभं राहवत नव्हतं. एका दुपारी मी माझी आसनं काढून आणायला जेवणघरात गेले, तर जाऊबाई तिथे जमिनीवर बसलेल्या. पाठ मातीच्या भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले, दोन्ही तळवे भिंतीवर. बाहेर जमीन भाजत होती आणि आत तो गारवा. माझी चाहूल लागताच त्यांनी डोळे उघडले.

"काय बघतेस?"

"काही नाही. गार आहे ना?"

त्यांनी भिंतीवरून एकदा तळवा फिरवला. मग म्हणाल्या, "भिंत बरी आहे. बांधणारा वाईट."

हे मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. दोन दिवसांनी तो त्या फुटक्या भिंतीचं माप घ्यायला गेला.

पुढचं काम ज्या पद्धतीने झालं ते सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. दोघं एकमेकांशी बोलत नव्हती आणि मी मध्ये उभी. तिघंही एकाच खोलीत.

"साहेबांना सांग, खिडकी रुंद पाहिजे. या चुलीपासून त्या चुलीपर्यंत."

"वहिनींना सांग, रुंद होईल, पण वर लाकडाची तुळई घालावी लागेल आणि लोखंडी झडप. चुली पेटलेल्या असताना वारा सुटला तर झडप ओढायची. ओढणार का, ते विचार."

"साहेबांना सांग, मला आगीचं शिकवू नका. जन्म गेलाय चुलीपुढे."

"वहिनींना सांग, जन्म चुलीपुढे गेला म्हणून तर माझं छप्पर पाडलं."

मी वैतागून म्हटलं, "मला काही कोणाला सांगायचं नाही. तुम्हाला दोघांनाही कान आहेत."

खिडकीची उंची ठरवायची होती. तिच्या काठावर ताट ठेवता यायला हवं आणि पलीकडचं शेवटचं बाकही दिसायला हवं. नवरा टेप घेऊन त्यांच्याजवळ गेला. जाऊबाईंनी हात कोपरात वाकवून धरला आणि तोंड पलीकडे फिरवलं. त्याने जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. पुन्हा एकदा घेतलं. खडूने भिंतीवर रेघ मारली. त्या म्हणाल्या, "बोटभर खाली." त्याने रेघ पुसली आणि बोटभर खाली मारली. इतकंच. कोणाचे डोळे भरून वगैरे आले नाहीत. मी तरी पाहिले नाहीत.

खिडकी झाली, तुळई बसली, तळ्यापलीकडच्या म्हाताऱ्याने येऊन छप्पर पुन्हा शाकारलं आणि दोघांनाही यथेच्छ बोलला. हॉटेल पुन्हा उघडलं त्या दिवशी मोठे दीर भट्टीवरच्या त्या बिनदाताच्या म्हाताऱ्याला ट्रकमध्ये बसवून घेऊन आले. तो बाकावर बसतोय न बसतोय तोच खिडकीतून आवाज आला, "आलास? मेलास असं ऐकलं होतं." म्हातारा हिरड्या दाखवून हसला. सगळं जेवणघर वळून बघायला लागलं. शहरातून आलेल्या माणसांना वाटलं, भांडण चाललंय. पहिल्यांदा ती बिचकली. मग त्यांच्यापैकी एकाने पाव कुस्करला आणि त्यालाही एक चटका बसला. तो पुढच्या सुट्टीत पुन्हा आला.

माझ्या नवऱ्याने नंतर दुसरीकडे अशी बरीच हॉटेलं बांधली. कुठे दगडाची, कुठे लाकडाची, जिथे जे असेल त्याची. प्रत्येकात स्वयंपाकघराला रुंद खिडकी. भाषणांत तो सांगतो की रांधणारा आणि जेवणारा यांच्यामध्ये भिंत असू नये, हा त्याचा पहिल्यापासूनचा विचार आहे. असलं एक भाषण कोणीतरी जाऊबाईंना मोबाइलवर दाखवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग त्या महिन्यात तो जेवायला आला तेव्हा त्याला सर्वांच्या शेवटी वाढलं, आणि शेपटीचा तुकडा.

त्यांचं मिटलं असं कोणी म्हणालं तर मी ते ऐकून घेणार नाही. मिटलेलं नाही. पण गेल्या वर्षी तळ्याकडच्या बाजूचा बोरू कुजला आणि पाणी गळायला लागलं. मोठ्या दिरांनी, रोजची कटकट नको म्हणून, पत्रे घालणारी माणसं बोलावली. ती शिडी लावून वर चढायला लागली तशा जाऊबाई झारा घेऊन बाहेर आल्या.

"खाली उतरा."

"बाई, आम्हाला तुमच्या मालकांनीच बोलावलंय."

"मालक-बिलक कोणी नाही. हे छप्पर ज्याने घातलं त्याला विचारल्याशिवाय याला हात लावायचा नाही. उतरता की शिडी ओढू?"

त्या शिडी ओढतील याबद्दल माणसांना शंका वाटली नाही. ती उतरली. मग जाऊबाईंनी माझ्या नवऱ्याला बोलावणं धाडलं, आणि तो आल्या आल्या त्याला अशा काही शब्दांत झापलं की मी इथे लिहू शकत नाही. स्वतःचं काम सांभाळता येत नाही, गावभर भाषणं ठोकत फिरता, गळकी घरं बांधून ठेवता. तो म्हणाला, "बोरू कापायचा हंगाम असतो, वहिनी. हिरवा कापला तर टिकत नाही." त्या म्हणाल्या, "हंगाम तुमचा, पाणी माझ्या डोक्यावर."

यंदा बोरू उंच आलाय. शाकारणारा म्हातारा आता नाही, पण त्याच्या हाताखाली शिकलेली दोन माणसं आहेत. बोरू पिवळा पडला की कापणी. तोवर तळ्याकडच्या टेबलांवर कोणाला बसवत नाहीत. पाण्याच्या कडेला बसायचं म्हणून लांबून आलेले लोक हिरमुसतात, खिडकीपाशी जाऊन विचारतात, इथे का बसू देत नाही? जाऊबाई हातातलं काम न थांबवता सांगतात, "आर्किटेक्टला विचारा. तो काय, तिकडे मासळी खात बसलाय."